मुलगी जीवशास्त्र घेणार, मग तिला इतिहास आणि चित्रकलेची सक्ती का?

मांडवीकाठ (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. डिचोलीहून लिहितेय. मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे. नीट द्यायची नाही, डॉक्टर व्हायचं नाही, बेडूक आणि बुरशी यांचा अभ्यास करायचा, हे तिचं नववीपासून पक्कं आहे. पावसाळ्यात टॉर्च घेऊन परसात फिरते. आम्ही दोघांनी ते आनंदानं मान्य केलंय.

तिच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, गोव्यातल्याच कॉलेजात चार वर्षांचं बीएस्सी. दुसरी, अमेरिकेतली लहान लिबरल आर्ट्स कॉलेजं. तिच्या एका शिक्षिकेनं ती सुचवली आणि काही ठिकाणी घरच्या परिस्थितीनुसार फीमध्ये चांगली मदत मिळते म्हणून आम्हीही त्यांची माहिती काढायला बसलो. तिथं प्रवेश मिळाला तरी पहिली दोन वर्षं तिला नुसतं जीवशास्त्र शिकता येणार नाही. लेखनाचा कोर्स, एखादी परकी भाषा, समाजशास्त्र-अर्थशास्त्र यांपैकी काही, साहित्य किंवा तत्त्वज्ञान, एखादी कला, गणिती विचाराचा एक कोर्स, हे सगळं झाल्याशिवाय पदवीच नाही. गोव्यातही आता नव्या धोरणानुसार मेजरबाहेरचे, म्हणजे मुख्य विषयाबाहेरचे कोर्स आलेच आहेत.

मुलगी खूश आहे. तिला मातीची भांडीही करायची आहेत. माझे दीर मात्र परवा जेवताना म्हणाले, "अठरा वर्षांच्या मुलीला आपल्याला काय शिकायचंय ते कळतंय, तर कॉलेजनं तिला दुसरीकडे का ओढायचं? ही बारावीपर्यंतची कामं." त्यांचं म्हणणं मला सहज खोडून काढता आलं नाही.

माझं मत असं, की थोडी सक्ती हवी. मी स्वतः कॉमर्सची. अकरावीनंतर विज्ञानाचं एक पान वाचायची वेळ आली नाही. कोविडच्या काळात लसीच्या बातम्या वाचताना आपल्याला किती कमी कळतं, याचा फार त्रास झाला. पण किती सक्ती, कुठल्या विषयांची, आणि ती ठरवायची कोणी? ज्यांनी असं शिक्षण घेतलंय किंवा दिलंय त्यांनी मोकळेपणानं लिहा.

झुआरीपार (सोमवार, रात्री १०:१५)

दिरांच्या बाजूनं माझं मत. माझा भाचा इंग्लंडमध्ये रसायनशास्त्र करतोय. तिथं पदवी तीन वर्षांची आणि पहिल्या दिवसापासून रसायनशास्त्रच. इतर विषय शाळेत संपले. तो तिसऱ्या वर्षाला ज्या पातळीचे प्रयोग करतोय, तिथं अमेरिकेतला मुलगा चौथ्या वर्षी पोचतो. एक वर्ष वाचलं, त्या वर्षाचे पैसे वाचले. अमेरिकेतल्या नावाजलेल्या खासगी कॉलेजांची नुसती फीच आज वर्षाला ६०,००० डॉलरच्या पुढे आहे. मदत मिळाली तर उत्तमच, पण न मिळणाऱ्यानं एवढे पैसे भरून मातीची भांडी का करावीत? भांडी करायची तर डिचोलीतच कुंभार आहेत.

गणित_मास्तर_फोंडा (सोमवार, रात्री १०:५०)

मांडवीकाठ ताई, आधी गोव्यातलं चित्र आकड्यांत मांडतो, म्हणजे तुलना करणं सोपं जाईल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चं. त्यावरून यूजीसीनं डिसेंबर २०२२ मध्ये पदवीच्या क्रेडिटचा आराखडा दिला. आपल्याकडच्या कॉलेजांत तो २०२३-२४ पासून लागू झाला. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. तीन वर्षांचा हिशेब असा: मेजर ६०, मायनर २४, मल्टिडिसिप्लिनरी म्हणजे एमडीसी ९, भाषेचे एईसी ८, कौशल्याचे एसईसी ९, सर्वांना समान असलेले व्हीएसी ६ ते ८ आणि वर इंटर्नशिप. व्हीएसीत पर्यावरण, भारताची ओळख, डिजिटल तंत्रज्ञान, आरोग्य-योग असे विषय येतात.

तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे तो एमडीसीचा. प्रत्येकी ३ क्रेडिटचे तीन कोर्स. नियम असा, की मुलानं बारावीला शिकलेला विषय तिथं पुन्हा घ्यायचा नाही. सायन्सच्या मुलीला अनोळखी प्रदेशात जावंच लागतं. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण तो नसता तर सगळ्यांनी सोपे मार्क शोधले असते.

पण १२० पैकी ९ म्हणजे साडेसात टक्के. अमेरिकेच्या लिबरल आर्ट्स कॉलेजात साधारण ३२ कोर्स करावे लागतात आणि मेजरचे त्यातले दहा-बारा. बाकीचे दोन तृतीयांश मेजरच्या बाहेरचे, काही सक्तीचे, काही मुलाच्या मर्जीचे. आपल्याकडे आलंय ते त्याच दिशेचं पहिलं पाऊल आहे, दोन्हीकडे एकच गोष्ट चाललीय असं समजू नका.

पेडण्याची_पोर (सोमवार, रात्री ११:३०)

सर, हिशेब बरोबर आहे, आता विद्यार्थ्याच्या बाजूनं सांगते. मी बीए, मेजर इतिहास. एमडीसीच्या यादीत खगोलशास्त्राची ओळख होती. आमच्या गावात अजून काळोख पडतो, आकाश दिसतं, मला तोच कोर्स हवा होता. ऑनलाइन फॉर्म उघडला तोवर जागा भरल्या. मिळाला पर्सनल फायनान्स. तोही वाईट नव्हता, एसआयपी आणि विमा यांतला फरक कळला, बाबांची एक पॉलिसी मीच वाचून समजावली. पण निवड माझी नव्हती.

दुसरं म्हणजे वेळ. सगळ्या शाखांच्या मुलांना एकत्र बसवायचं म्हणून एमडीसीचा तास कधी सकाळी आठला तर कधी दुपारी साडेतीनला. साडेतीनचा तास संपेपर्यंत आमच्या बाजूची बस गेलेली असते, पुढची तासाभरानं. वर्गात ऐंशीएक मुलं, त्यांतली निम्मी घड्याळाकडे बघत. सक्ती करायची तर ती पेलायची व्यवस्थाही कॉलेजानं करावी, एवढंच म्हणणं आहे.

सांतेरी (मंगळवार, सकाळी ७:०५)

पेडण्याच्या पोरीला +१. आमच्या सत्तरीच्या मुलांचंही हेच. बसच्या वेळा बघितल्याशिवाय वेळापत्रक लावूच नये. वाचतेय, लिहा अजून.

बोस्टनकार (मंगळवार, सकाळी ८:२०)

मूळचा म्हापशाचा, मॅसॅच्युसेट्समध्ये बरीच वर्षं आहे, मुलगा इथल्याच लहान कॉलेजात शिकला. ताई, 'अमेरिकेतली पद्धत' अशी एकच नाही, हे आधी लक्षात घ्या. तीन टोकं आहेत.

बहुतेक कॉलेजं वाटून देतात: या गटातले दोन, त्या गटातले दोन, प्रयोगशाळेसह विज्ञानाचा एक. कोर्स कुठला ते मूल ठरवतं. हार्वर्डमध्ये लोवेल अध्यक्ष झाल्यावर, १९१० च्या सुमारास, ही घडी बसली. त्याआधीचे अध्यक्ष एलियट यांच्या काळात जवळजवळ सगळंच ऐच्छिक होतं आणि मुलं सोप्या प्राथमिक कोर्सांची माळ लावून पदवी घ्यायची, म्हणून एका विषयात खोल आणि इतरांत पसरून, असा नियम आला.

दुसरं टोक कोलंबियाचं. तिथं पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये 'समकालीन सभ्यता' हा कोर्स सगळ्यांना लावला आणि त्यातून त्यांचा कोअर, म्हणजे सर्वांना सक्तीचा समान अभ्यासक्रम, वाढला. सगळी मुलं तेच ग्रंथ वाचतात, वीसबावीस जणांच्या वर्गात बसून वाद घालतात. याच वाटेनं शेवटपर्यंत गेलं ते सेंट जॉन्स कॉलेज. १९३७ पासून तिथं जवळपास सगळेच विषय सर्वांना सारखे, युक्लिड आणि ग्रीक भाषेसकट. मेजर नावाचा प्रकारच नाही.

तिसरं टोक ब्राउन. १९६९ मध्ये विद्यार्थ्यांच्याच रेट्यानं त्यांनी हे सगळं काढून टाकलं, लेखनाची अट तेवढी आहे. अ‍ॅमहर्स्टमध्येही पहिल्या वर्षाचा एक सेमिनार सोडला तर मेजरबाहेर काही सक्तीचं नाही. तेव्हा दिरांना सांगा, सक्ती नको असेल तर तशीही चांगली कॉलेजं आहेत. शिवाय अ‍ॅमहर्स्ट परदेशी मुलांनाही प्रवेश देताना घरची ऐपत बघत नाही आणि गरजेएवढी मदत देतं. प्रवेश मिळणं मात्र महाकठीण.

झुआरीपार भाऊ, इंग्लंडचं बरोबर आहे, पण स्कॉटलंडमध्ये पदवी चार वर्षांची आहे आणि पहिली दोन वर्षं इतर विषय घेता येतात. एकाच देशात दोन्ही चालतं.

आणि हे फक्त साहित्यवाल्यांचं खूळ समजू नका. एमआयटीत इंजिनियरलाही मानव्य, कला आणि समाजशास्त्रांतले आठ कोर्स करावेच लागतात. उलट तिथं इतिहासात पदवी घेणाऱ्यालाही कॅल्क्युलसचे दोन, भौतिकशास्त्राचे दोन, रसायन आणि जीवशास्त्राचा एकेक कोर्स चुकत नाही. पोहण्याचीही परीक्षा असते तिथं.

कोलवाळचो_बाबू (मंगळवार, सकाळी ८:४१)

पोहण्याची परीक्षा? मग आमच्या शापोराकाठच्या अर्ध्या पोरांना एमआयटीनं आजच बोलवावं. कॅल्क्युलसचं नंतर बघू.

वेर्णा_शिफ्ट (मंगळवार, दुपारी १:१०)

बाबू, मी पहिला अर्ज भरतो :)

आता कामाचं. मी वेर्ण्याला औषध कंपनीत क्वालिटी अशुरन्सला आहे. दरवर्षी नव्यानं लागलेली बीएस्सी केमिस्ट्रीची मुलं येतात. एचपीएलसी हे औषध तपासायचं यंत्र चालवायला महिन्याभरात शिकतात, हुशार आहेत. पण बॅचमध्ये काही चुकलं, की डेव्हिएशन रिपोर्ट लिहायचा असतो: काय झालं, कधी झालं, आधी काय होतं, नंतर काय दिसलं, कारण कशावरून ठरवलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. पाच वाक्यं, क्रमानं. इथं गाडी अडते. कारण आणि परिणाम एकाच वाक्यात गुंततात, 'केलं गेलं' लिहितात पण कुणी केलं ते लिहीत नाहीत. परदेशी इन्स्पेक्टर हाच कागद आधी मागतो. त्याला रसायनशास्त्र येतंच, त्याला आम्ही विचार कसा केला ते बघायचं असतं.

म्हणून मांडवीकाठ ताईंनी सांगितलेल्या यादीतला लेखनाचा कोर्स मी सगळ्यांत वर ठेवीन. पहिल्याच सत्रात, पंधरा मुलांच्या वर्गात, दर आठवड्याला दोन पानं लिहायची आणि शिक्षकानं लाल पेनानं परत द्यायची. आपल्या एईसीच्या ८ क्रेडिटमध्ये हे बसू शकतं. इंग्रजीत, मराठीत, कोकणीत, कुठल्याही भाषेत करा. एका भाषेत नीट मांडायला आलं की दुसरीत येतं. मात्र व्याकरणाचे गाळलेले शब्द भरा, असा पेपर काढून हे साधणार नाही.

कुळागर (मंगळवार, संध्याकाळी ६:३०)

चर्चा गोव्यात चाललीय आणि अजून कुणी दामोदर धर्मानंद कोसंबींचं नाव घेतलं नाही? १९०७ साली कोसबेंला जन्म. शिक्षण हार्वर्डला, १९२९ ची पदवी. म्हणजे बोस्टनकरांनी सांगितलेली लोवेलची वाटून देणारी पद्धत तेव्हा चालू होती. पेशानं गणितज्ञ. पण माणूस बघा: जुनी पंच मार्क, म्हणजे ठसे मारलेली नाणी तराजूत घालून त्यांचं वजन मोजलं. नाणं जितकं हातोहात फिरतं तितकं झिजतं, या साध्या गोष्टीला संख्याशास्त्र लावून त्यांनी नाण्यांचा काळाचा क्रम लावला. १९४४ मध्ये जनुकांच्या नकाशासाठी त्यांनी दिलेलं सूत्र आजही जेनेटिक्सच्या पुस्तकांत 'कोसंबी फंक्शन' म्हणून आहे. ताई, तुमच्या मुलीला ते भेटेलच. आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारं पुस्तक. गणित, इतिहास, संस्कृत, जीवशास्त्र एकाच डोक्यात राहू शकतात, याचा पुरावा आपल्याच मातीतला आहे.

झुआरीपार (मंगळवार, रात्री ८:०५)

कुळागर, कोसंबींबद्दल आदरच आहे, पण ते उदाहरण इथं लागू होत नाही. घरात धर्मानंदांसारखा बौद्ध विद्येचा पंडित बाप. त्या मुलाला कुठल्याही कॉलेजात टाकलं असतं तरी तो चार विषय शिकलाच असता. असामान्य माणसासाठी नियम करायचे नसतात. प्रश्न साध्या मुलाचा आहे, ज्याला बीएस्सी करून एमएस्सीची प्रवेश परीक्षा द्यायची आहे. त्या परीक्षेत मातीची भांडी विचारत नाहीत. त्याचा तिथला प्रत्येक तास मेजरमधून कापलेला असतो. आणि परक्या विषयात कमी ग्रेड मिळाली, की सीजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांची सरासरी, खाली येतो तो कायमचा.

गणित_मास्तर_फोंडा (मंगळवार, रात्री ८:५०)

झुआरीपार, सीजीपीएचा मुद्दा रास्त आहे आणि तो महत्त्वाचा आहे. चौथ्या वर्षी रिसर्चसह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, तेव्हा मुलं धोका पत्करत नाहीत. अमेरिकेत अनेक ठिकाणी असा एखादा कोर्स नुसता पास-नापास घेता येतो आणि पहिल्या एकदोन आठवड्यांत बदलताही येतो. आपल्याकडे एमडीसीला हे दोन्ही दिलं, तर पेडण्याच्या पोरीसारखी मुलं बिनधास्त खगोलशास्त्र घेतील.

कोसंबींबद्दल मात्र माझा निष्कर्ष तुमच्या उलट आहे. ज्याच्या घरी पुस्तकं आहेत तो शिकेलच, हे तुम्हीच म्हणालात. मग ज्याच्या घरी नाहीत, त्याला दुसऱ्या विषयाचं दार कोण उघडणार? खाण बंद पडलेल्या घरातली पहिली पदवीधर मुलं माझ्या वर्गात आहेत. त्यांना तत्त्वज्ञान नावाचा विषय असतो, हेच कॉलेजात येऊन कळतं. त्यांच्या बाबतीत ऐच्छिक ठेवणं म्हणजे न देणं.

तिसरी_घंटा (मंगळवार, रात्री ९:१५)

मास्तर, शेवटचं वाक्य पटलं.

खाजनवाट (मंगळवार, रात्री ११:२०)

दोन दिवस वाचतेय. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, कॉलेजचं नाव नको. कुठले विषय सक्तीचे, यावर खूप लिहून झालं. मला तो कोर्स कसा बांधलाय याबद्दल बोलायचं आहे, कारण मुलाचा वेळ वाया जातो की त्याचं सोनं होतं, ते तिथं ठरतं.

एमडीसी आला तेव्हा बऱ्याच ठिकाणी सोपी वाट धरली गेली. मेजरच्या पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम घ्यायचा, अवघड तेवढं काढायचं आणि 'ओळख' असं नाव द्यायचं. कॉमर्सच्या मुलाला पेशीभित्तिकेचे थर पाठ करायला लावायचे. तो परीक्षेपुरते करतो आणि विसरतो. ज्याला पुढं वनस्पतिशास्त्रज्ञ व्हायचंय त्याचा पाया वेगळा असतो. ज्याला या विषयाशी आयुष्यात एकदाच गाठ पडणार आहे, त्याला काय दाखवायचं, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो शिक्षकानं नव्यानं सोडवावा लागतो.

आम्ही दोघा-तिघांनी मिळून खाजन शेतीवर कोर्स बांधला. ३ क्रेडिट म्हणजे ४५ तास. वर्गात बीकॉम, बीए, बीसीए अशी मिश्र मुलं. भरतीच्या पातळीखालची जमीन, बाहेर खारं पाणी, मध्ये बांध आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याचं दार. पहिल्यांदा मानशीवर नेलं तेव्हा पाणी चढत होतं. लाकडी झडप कुणी हात न लावता पाण्याच्या दाबानं बंद होते आणि ओहोटीला आतल्या पाण्यानं उघडते, हे मुलं उभी राहून बघत होती. बीसीएच्या एका मुलानं विचारलं, "भरती रोज एकाच वेळी का नाही येत?" तिथून चंद्रावर गेलो. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं, म्हणजे रोज पन्नासेक मिनिटं उशीर. पुढच्या आठवड्याची वेळ त्यांनीच काढली आणि बांधावरच्या म्हाताऱ्या मामांना विचारून पडताळली. मामांना ती तिथीवरून तोंडपाठ होती.

मग प्रश्न येत गेले. मिठाच्या जमिनीत भात कसं येतं? जूनच्या पावसानं मीठ धुतलं जातं आणि कोरगुटीसारखी जात उरलेलं मीठ सोसते. हे माझं. कापणीनंतर मानशीतल्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, कोण घेतो, पैसे कुणाला जातात, बांधावर खर्च कोण करतो? हे बीकॉमच्या मुलांनी शोधलं. बांध कुणाचा? गांवकारीपासून, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनीच्या जुन्या व्यवस्थेपासून सुरुवात झाली, १५२६ चं फोराल आलं, ज्यात पोर्तुगिजांनी गावांचे जुने रिवाज नोंदवले, आणि शेवट १९६४ च्या कूळ कायद्याशी झाला. त्या कायद्यानं आणि त्याच्या पुढच्या दुरुस्तीनं कुळाला जमीन मिळाली, पण बांधाची जबाबदारी कुणाची यावरून गावोगाव काय झालं ते इतिहासाच्या मुलीनं आपल्याच गावात विचारून लिहिलं. बांध फुटला, की खारफुटी आत शिरते आणि मग ती कापायची की ठेवायची यावर भांडण. त्या वादात सगळेच विषय एकदम लागतात.

ही मुलं पुढं अकाउंटंट होतील, प्रोग्रॅमर होतील. त्यांतलं कुणी पंचायतीत बसेल आणि कधीतरी बांधाच्या दुरुस्तीचा किंवा खाजनात भराव घालण्याचा ठराव त्यांच्यासमोर येईल. त्या दिवसासाठी हे ४५ तास आहेत. झुआरीपार, एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेत हे विचारणार नाहीत, मान्य. गोव्यात राहणाऱ्या माणसाला मात्र विचारलं जाणारच आहे.

आता अडचण. असा कोर्स बांधायला शिक्षकाला वेळ लागतो, बस लागते, तीस-चाळीसच्या वर मुलं झाली तर बांधावर उभंही राहता येत नाही. अनेक ठिकाणी एमडीसी हा ज्याचे तास कमी पडतात त्याचा वर्कलोड भरायला दिला जातो. तोवर सक्ती मुलांवर नुसती लादली जाईल. विभागातल्या सगळ्यांत चांगल्या शिक्षकाला हा वर्ग द्यावा, असं मी प्रत्येक बैठकीत सांगते आणि सांगत राहीन.

कोलवाळचो_बाबू (बुधवार, सकाळी ७:५०)

बाई, मला पुन्हा कॉलेजात घ्या.

सांतेरी (बुधवार, सकाळी ८:१२)

खाजनवाट, फार सुंदर. अवांतर: असाच कोर्स पेडण्याच्या आगरवाड्याच्या मिठागरांवरही होईल ना? मे महिन्यात रस्त्याकडेला मिठाचे ढीग दिसायचे, आता आगर कमी झालेत. माझी आई आजही लोणच्याला आगराचंच जाडं मीठ वापरते.

पेडण्याची_पोर (बुधवार, सकाळी ९:००)

सांतेरी ताई, आगरवाडो आमच्या जवळच! आजी म्हणते पाकिटातल्या मिठानं आमसोलांना रंग चढत नाही. बाई, तुमचा कोर्स इतर कॉलेजातल्या मुलांना करता येतो का?

खाजनवाट (बुधवार, सकाळी ९:३५)

सध्या नाही गं बाय. शेजारच्या दोन कॉलेजांनी एकमेकांची मुलं घेतली, तर निवड दुप्पट होईल. धोरणात क्रेडिट इकडून तिकडं नेण्याची सोय आहे. हे मनापासून व्हायला हवं.

सेगुंद_ग्राव (बुधवार, सकाळी ११:४०)

माझं वय ऐंशीच्या पुढे. मी मराठी शाळेत ओनामा शिकलो, मग पोर्तुगीज प्राथमिक शाळेचं सेगुंद ग्राव, मुक्तीनंतर धावपळीनं इंग्रजी मॅट्रिक. गोव्यात १९६२ साली कॉलेजं निघाली तेव्हा ती मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, आपलं विद्यापीठ १९८५ चं. माझ्या पिढीला तीन भाषा आणि तीन राज्यव्यवस्था न मागता मिळाल्या. त्यातून एक कळलं, की परकी भाषा शिकताना आपली भाषा कशी चालते हे पहिल्यांदा दिसतं. पोर्तुगीज क्रियापदं घोकली तेव्हा मला मराठीचे कर्तरी-कर्मणी प्रयोग समजले. म्हणून अमेरिकेच्या यादीतला परक्या भाषेचा कोर्स मुलीनं आनंदानं घ्यावा. पोर्तुगीज मिळत असेल तर तीच घ्यावी. आपल्या जमिनींचे जुने कागद वाचणारे आता फार थोडे उरलेत.

झुआरीपार (बुधवार, दुपारी २:२०)

आजोबांना नमस्कार. खाजनवाट बाईंसारखा कोर्स असेल तर माझा विरोध नाही, माझ्या मुलाला मी स्वतः त्यात घालीन. पण माझा आक्षेप तिथंच आहे, की नियम सगळीकडे लागू होतो आणि असे शिक्षक दोन-तीन ठिकाणी. नियम करणाऱ्यानं आधी शिक्षक आणि वर्गातली संख्या बघावी, मग सक्ती करावी. आणि मेजरचे तास कमी करून हे होऊ नये. चौथं वर्ष आहेच, त्याचा उपयोग करा.

गणित_मास्तर_फोंडा (बुधवार, दुपारी ३:०५)

यावर मी तुमच्याबरोबर सही करतो.

मांडवीकाठ (बुधवार, रात्री ९:५५)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मुलगी, मी आणि दीर तिघं बसून धागा वरपासून वाचला. दीर खाजनवाट बाईंच्या प्रतिसादापाशी थांबले, कारण त्यांचं आजोळ जुव्याचं, मानशीवर मासे पकडत मोठे झाले. ते म्हणाले, सक्ती अशी असेल तर ठीक, पण कॉलेज निवडण्याआधी कोण शिकवतं ते बघा. मुलीला सेगुंद ग्राव आजोबांची पोर्तुगीजची कल्पना इतकी आवडली, की घरातले जुने कागद काढून बसलीय.

आम्ही ठरवलं ते असं: गोव्यातल्या दोन कॉलेजांत जाऊन एमडीसीची यादी, वर्गातली संख्या आणि वेळापत्रक विचारायचं. अमेरिकेत मोजक्याच, पूर्ण मदत देणाऱ्या कॉलेजांना अर्ज करायचा. तिथं वाटून देणारी पद्धत असेल तर तिला चालेल, सगळंच ठरवून दिलेलं नको. तिचं म्हणणं असं, की काय घ्यायचं ते मला ठरवू द्या, काहीतरी बाहेरचं घ्यायचंच हे तुम्ही ठरवा.

बोस्टनकर, एक शंका उरली. तिचं प्राथमिक शिक्षण मराठीतून झालंय, कोकणी बोलते, हिंदीही येतं. तरीही परक्या भाषेची अट लागतेच का? तिला पोर्तुगीज घ्यायचीच आहे, पण ती अट म्हणून मोजली जाणार की तिच्या मर्जीचा कोर्स म्हणून, तेवढं कळलं तर आखणी करता येईल.

बोस्टनकार (गुरुवार, सकाळी ८:३०)

कॉलेजागणिक वेगळं आहे. अनेक ठिकाणी इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेतून शाळा झाली असेल किंवा ती भाषा लिहिता-वाचता येत असेल, तर अट माफ होते. काही ठिकाणी चाचणी घेतात, पण मराठी-कोकणीची चाचणी घेणारं त्यांच्याकडे कुणी नसलं तर शाळेच्या कागदांवर भागतं. प्रवेशाच्या पत्रव्यवहारातच रजिस्ट्रारला ईमेल करा आणि दोन गोष्टी विचारा: माफी मिळते का, आणि मिळाली तर त्या जागी दुसरा कोर्स घ्यावा लागतो का. शाळेचा मराठी माध्यमाचा दाखला आणि दहावीच्या मराठीच्या गुणपत्रिकेची प्रत आताच काढून ठेवा. पोर्तुगीज सगळ्या लहान कॉलेजांत नसते, म्हणून यादीतल्या प्रत्येकाचा कोर्स कॅटलॉग उघडून बघा. काही कॉलेजांत शेजारच्या कॉलेजात जाऊनही ती शिकता येते. कॅटलॉग समजायला अडचण आली तर इथंच विचारा, मी रोज येतो.